मुखापाशी बसून केलेला हिशेब : नद्या आणि कार्बनचे चक्र

हवेतला कार्बन आणि समुद्रातला कार्बन यांच्याबद्दल या मालिकेत आपण बोललो आहोत. आज मधली वाट घेऊ. नद्या, ओढे, तळी, धरणे.

शाळेच्या पुस्तकातली कार्बनचक्राची आकृती आठवून पाहा. झाड असते, गाय असते, धूर ओकणारा कारखाना असतो, उजवीकडे समुद्र असतो. सगळ्यांच्या अंगावर बाण काढलेले असतात. नदीही असते, डोंगरातून निघून समुद्राला मिळणारी एक निळी रेघ. पण तिच्यावर बहुतेक वेळा बाणच नसतो, आणि असला तर एकच, समुद्राकडे तोंड केलेला. आपल्यापैकी पुष्कळांनी परीक्षेत ती आकृती काढून पैकीच्या पैकी मार्क घेतले असतील. आजच्या व्याख्यानाचा विषय खरे तर तो न काढलेला बाण आहे. तो आकृतीत यायला इतका वेळ का लागला, आणि नसल्यामुळे आपले काय चुकत होते?

सुरुवात जुनी आहे आणि ती आपल्याच देशातली आहे. गंगेकाठच्या गाझीपूरला १८३१-३२च्या सुमारास रेव्हरंड रॉबर्ट एव्हरेस्ट नावाचे एक पाद्री होते. (आडनाव ऐकून चमकू नका, शिखराला ज्यांचे नाव दिले ते जॉर्ज एव्हरेस्ट.) या पाद्रीबुवांना एक साधा प्रश्न पडला होता. ही नदी वर्षाला किती माती वाहून नेते? त्यांनी वेगवेगळ्या ऋतूंत पाण्याचे नमुने घेतले, त्यातला गाळ मोजला, नदीच्या प्रवाहाशी त्याचा गुणाकार केला आणि एशियाटिक सोसायटी ऑफ बेंगॉलच्या नियतकालिकात १८३२ साली तो हिशेब छापला. पुढे चार्ल्स लायेल या प्रसिद्ध भूवैज्ञानिकाने तो आपल्या ग्रंथात घेतला, त्यामुळे तो जगभर गेला. आकडा होता वर्षाला सुमारे ६३७ कोटी घनफूट गाळ. आम्हाला त्या आकड्यापेक्षा त्याची वाटणी महत्त्वाची वाटते. या ६३७ कोटींपैकी ६०८ कोटी घनफूट फक्त पावसाळ्याच्या १२२ दिवसांत जात होते. उरलेल्या आठ महिन्यांत नदी वाहत होती, लोक तिच्यात आंघोळ करत होते, नावा चालत होत्या, पण मालवाहतूक जवळजवळ बंद.

ही वाटणी लक्षात ठेवा. शंभर-दीडशे वर्षांनी याच ठिकाणी गाडी अडणार आहे.

एव्हरेस्टने माती मोजली, कार्बन नाही. पण नदीच्या मातीबरोबर कार्बन जातोच, आणि तो एका रूपात जात नाही. पहिल्या पुराचे गढूळ लाल पाणी पाहिले आहे ना? त्या गाळात कुजलेल्या मुळ्या, पालापाचोळा, मातीच्या कणांना चिकटलेले सेंद्रिय द्रव्य असते. हा घनरूप कार्बन. दुसरा विरघळलेला सेंद्रिय कार्बन. जंगलातल्या डबक्याचे पाणी कोऱ्या चहासारखे दिसते, तो रंग याचाच. तिसरा बायकार्बोनेट, म्हणजे खडकाच्या झिजेतून आलेला, डोळ्यांना न दिसणारा, पण आपल्या घरातल्या प्रत्येक भांड्याला ठाऊक असलेला. आणि चौथा म्हणजे पाण्यात विरघळलेला नुसता कार्बन डायऑक्साइड वायू. या चौथ्याकडे फार उशिरा लक्ष गेले.

आधी तिसऱ्याबद्दल बोलू, कारण इतिहासात तोच आधी आला.

जाक-जोसेफ एबेल्मां हा फ्रेंच खाण-अभियंता. पुढे तो सेव्हर्सच्या प्रसिद्ध चिनी मातीच्या कारखान्याचा प्रमुख झाला. चिनी माती म्हणजे झिजलेले फेल्डस्पार, तेव्हा खडक झिजतो म्हणजे नेमके काय होते हा प्रश्न त्याच्या धंद्याचाच होता. १८४५ साली त्याने मांडले की सिलिकेट खडक झिजताना हवेतला कार्बन डायऑक्साइड वापरला जातो, तो पाण्याबरोबर समुद्रात जाऊन चुनखडकात अडकतो आणि ज्वालामुखी तो पुन्हा हवेत सोडतात. पृथ्वीच्या हवेचा तोल या देवाणघेवाणीवर आहे. म्हणजे कार्बनचक्राचा दीर्घकाळचा सगळा सांगाडा! १८५२ मध्ये, वयाच्या ३७व्या वर्षी, एबेल्मां वारला आणि त्याचे म्हणणे विसरले गेले. १९५२ साली हॅरल्ड युरीने तीच रासायनिक समीकरणे पुन्हा मांडली तेव्हा ती युरीच्या नावाने ओळखली जाऊ लागली. १९९६ मध्ये येल विद्यापीठाच्या रॉबर्ट बर्नर यांनी एका सहकाऱ्यासह लेख लिहून सांगितले की ही मूळ तत्त्वे एबेल्मांने दीडशे वर्षांपूर्वीच सांगितली होती. उशिरा का होईना, श्रेय मिळाले.

हे रसायनशास्त्र समजायला प्रयोगशाळा लागत नाही. जुन्या घरांत आंघोळीचे पाणी तापवायचा तांब्याचा बंब असायचा. विहिरीचे पाणी वापरणाऱ्यांच्या बंबात काही महिन्यांत आतून पांढरा खरखरीत थर बसायचा. आज तोच थर गीझरच्या कॉइलवर बसतो. हा थर कॅल्शियम कार्बोनेटचा. पाऊस जमिनीत मुरताना मुळांच्या आणि जीवाणूंच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड घेतो, सौम्य आम्ल बनतो, आपल्या काळ्या पाषाणातून कॅल्शियम सोडवतो आणि बायकार्बोनेट होऊन विहिरीत येतो. बंबात पाणी तापले की ते बायकार्बोनेट फुटते. त्यातला निम्मा कार्बन वायू होऊन उडतो, निम्मा थर होऊन तळाला बसतो. समुद्रात शिंपले आणि प्रवाळ हेच करतात, फक्त त्यांना विस्तव लागत नाही. म्हणून सिलिकेट खडकाने हवेतून घेतलेल्या दोन कार्बनांपैकी एक परत जातो आणि एक कायमचा, म्हणजे लाखो वर्षांसाठी, खडकात बंद होतो.

आणि इथे महाराष्ट्राचा उल्लेख आम्ही अभिमानाने नाही, गरज म्हणून करतो. बसाल्ट हा लवकर झिजणारा खडक आहे. जगाच्या जमिनीत त्याचा वाटा सुमारे पाच टक्के, पण सिलिकेट झिजेतून जितका कार्बन डायऑक्साइड खेचला जातो त्यातला सुमारे तीस टक्के एकट्या बसाल्टच्या वाट्याला येतो, असा हिशेब सेलीन देसेर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडला. त्याआधी २००१ मध्ये याच बाईंच्या गटाने, ज्यात भारतीय संशोधकही होते, दख्खनच्या बसाल्टवरून वाहणाऱ्या नद्यांचे पाणी तपासून मागच्या काळाचा अंदाज बांधला होता. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा बाहेर पडला तेव्हा हवेतला कार्बन डायऑक्साइड दहा लाखात हजाराहून अधिक भागांनी वाढला असावा, तापमान चार अंशांनी चढले असावे. मग पुढच्या दहाएक लाख वर्षांत त्याच लाव्ह्याच्या झिजेने तो सगळा परत खेचला गेला आणि वर थोडा जास्तच, सुमारे ५७ भाग. पृथ्वी आधीपेक्षा अर्धा अंश थंड झाली. लाव्ह्याने हवेला दिलेले कर्ज नदीने व्याजासकट वसूल केले. २००५ मध्ये अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या गटाने कृष्णा, भीमा आणि सह्याद्रीतून पश्चिमेकडे उतरणाऱ्या नद्यांच्या पाण्यावर असेच काम केले. त्या नद्या आजही हे काम करत आहेत.

तुम्ही म्हणाल, मग काळजी कसली? सह्याद्री आहेच की! तर नाही. जगभरच्या खडकांच्या झिजेने हवेतून वर्षाला जो कार्बन खेचला जातो तो तीस कोटी टनांच्या आसपास. कोळसा, तेल, वायू जाळून आपण सोडतो तो सुमारे हजार कोटी टन. शिवाय झिजेचा वेग आपल्या गरजेनुसार वाढत नाही.

आता या व्याख्यानातला मुख्य मुद्दा. खडकाची झीज मोजणाऱ्या भूवैज्ञानिकाला नदीच्या मुखाशी पाणी तपासले की पुरते. बायकार्बोनेट वाटेत फारसे कुठे जात नाही, वर जे विरघळले ते खाली पोचते. म्हणून नदीच्या मुखाशी बसायचे, जे येईल ते मोजायचे, ही पद्धत रुजली. त्या प्रश्नापुरती ती चोख होती. पण पुढे प्रश्न बदलला आणि पद्धत तीच राहिली. दुकानाच्या मागच्या दाराने किती माल गेला ते न बघता पुढच्या दारातली पावती-वही बघून नफा-तोटा काढावा, तसे झाले.

प्रश्न बदलला तो असा. १९५८ पासून चार्ल्स कीलिंग हवाईच्या मौना लोआवर हवेतला कार्बन डायऑक्साइड नेमाने मोजू लागला. १९७०च्या दशकापर्यंत लक्षात आले की माणूस जितका कार्बन सोडतो तितका हवेत साचत नाही. समुद्रात किती जातो याचा अंदाज होता. तो वजा केला तरी बाकी राहत होती. हा 'हरवलेला कार्बन' कुठे जातो? जमिनीवरच्या झाडांत आणि मातीत, हे उत्तर बहुतेकांना पटले. आणि मग जमिनीवरून नदी किती नेते हेही बघायला हवे झाले.

जर्मनीतल्या हॅम्बुर्ग विद्यापीठाच्या एगॉन डेगेन्स यांनी १९८०च्या दशकात यासाठी जगातल्या मोठ्या नद्यांवर आंतरराष्ट्रीय प्रकल्प चालवला. भारतातून दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातले व्ही. सुब्रमणियन आपल्या नद्यांच्या पाण्याचे आणि गाळाचे रसायनशास्त्र मोजत होते. फ्रान्समधल्या मिशेल मेबेक यांनी १९८२ मध्ये जगभरची आकडेवारी एकत्र केली आणि सांगितले की नद्या समुद्रात वर्षाला सुमारे चाळीस कोटी टन सेंद्रिय कार्बन नेतात, आणि जवळपास तेवढाच बायकार्बोनेटच्या रूपात. हे काम फार मेहनतीचे आणि टिकाऊ ठरले. आजही ते आकडे फारसे हललेले नाहीत. पण हे सगळे मुखाशी मोजलेले.

त्याच हॅम्बुर्गमध्ये श्टेफान केम्पे जुन्या नोंदींवरून नदीच्या पाण्यातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब काढत होते आणि तो हवेपेक्षा बराच जास्त येत होता. याचा अर्थ काय? सोड्याची बाटली. बाटलीतल्या पाण्यात हवेपेक्षा जास्त दाबाने वायू कोंबलेला असतो, बूच उघडले की तो फसफसून बाहेर येतो. नदीला बूचच नाही. तिच्या पाण्यात हवेपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड असेल तर तो चोवीस तास, सगळ्या पृष्ठभागावरून बाहेर पडत असणार. फसफस दिसत नाही, एवढाच फरक.

ही गोष्ट ठाम झाली १९९४ मध्ये. न्यूयॉर्क राज्यातले परिसंस्था-अभ्यासक जोनाथन कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातल्या १,८३५ तळ्यांचे ४,६६५ नमुने एकत्र केले. समज असा होता की तळ्यात शेवाळ आहे, पाणवनस्पती आहेत, म्हणजे तळे हवेतला कार्बन खातच असेल. निघाले उलटे. ८७ टक्के नमुन्यांत कार्बन डायऑक्साइड हवेच्या तोलापेक्षा जास्त होता. तळे आपल्या शेवाळाने जितके घेते त्याहून जास्त सोडत होते. हा जास्तीचा कार्बन आला कुठून? आजूबाजूच्या जमिनीतून. जंगलाने हवेतून घेतलेला कार्बन मुळांतून, मातीतून, भूजलातून पाण्यात आला आणि तळ्यातून हवेत परत गेला. झाडाने श्वास आत घेतला आणि सोडला तळ्याने.

मग ॲमेझॉन. वॉशिंग्टन विद्यापीठाचे जेफ्री रिची आणि त्यांचे ब्राझिली सहकारी १९८२ पासून त्या नदीवर काम करत होते. २००२ मध्ये त्यांनी जो निष्कर्ष छापला त्याने बऱ्याच जणांच्या वह्या खोडायला लागल्या. ॲमेझॉन खोऱ्यातल्या नद्या आणि पुराखाली जाणारी जंगले मिळून वर्षाला सुमारे पन्नास कोटी टन कार्बन वायुरूपात हवेत सोडतात. नदी समुद्रात जो सेंद्रिय कार्बन नेते त्याच्या दहापट किंवा त्याहून अधिक! म्हणजे मुखाशी बसलेल्या माणसाला अकरातला एकच भाग दिसत होता. पुढे २००५ मध्ये हा बाहेर पडणारा कार्बन किती जुना आहे तेही तपासले गेले. तो बहुतांशी पाच वर्षांच्या आतला निघाला. कालपरवा पानात होता, आज पाण्यातून निघाला.

यात नुसत्या शास्त्रज्ञांच्या वह्यांचा प्रश्न नव्हता, आणि आम्हाला वाटते की या विषयाचे खरे महत्त्व इथे आहे. जंगल किती कार्बन साठवते हे मोजायला झाडांच्या वर उंच मनोरे उभारतात आणि हवा खाली किती जाते, वर किती येते ते टिपतात. मनोऱ्याला दिसते की जंगलाने इतका कार्बन घेतला. पण त्यातला काही भाग मुळातून ओढ्यात आणि ओढ्यातून दोनशे किलोमीटर खाली नदीच्या पात्रावर हवेत परत गेला असेल, तर मनोऱ्याला ते कळत नाही. मनोऱ्याच्या वहीत जमा, खर्च मात्र कुठेच नाही. आज जंगलांच्या नावावर कार्बनचे पैसे मोजले जातात. अशा वेळी हा खर्च न लिहिणे म्हणजे नुसती शास्त्रीय ढिलाई राहत नाही.

२००७ मध्ये कोल आणि इतरांनी सगळे एकत्र मांडले. लेखाचे नाव 'प्लंबिंग द ग्लोबल कार्बन सायकल'. प्लंबिंग म्हणजे नळकाम, आणि ओळंबा सोडून खोली मोजणे हाही त्या शब्दाचा अर्थ. शास्त्रज्ञांना इतपत श्लेष माफ आहे. त्यांचा हिशेब असा होता: जमिनीवरून वर्षाला साधारण १९० कोटी टन कार्बन गोड्या पाण्यात उतरतो. त्यातला ९० कोटी टन समुद्राला मिळतो. २० कोटी टन तळ्यांच्या आणि धरणांच्या तळाशी गाडला जातो. उरलेला निदान ८० कोटी टन वाटेतच हवेत जातो. २०१३ मध्ये पीटर रेमंड आणि सहकाऱ्यांनी छोटे ओढेही धरून पुन्हा मोजले तेव्हा हवेत जाणारा आकडा फुगून २१० कोटी टनांवर गेला, त्यातले १८० कोटी नद्या-ओढ्यांचे. आणि या सगळ्या नद्या-ओढ्यांचे जगभरचे क्षेत्रफळ किती, तर सव्वासहा लाख चौरस किलोमीटर. महाराष्ट्राच्या जेमतेम दुप्पट.

आयपीसीसीच्या २००७च्या अहवालातली कार्बनचक्राची आकृती आणि २०१३च्या अहवालातली आकृती शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. पहिलीत नदीवर एकच बाण, समुद्राकडे. दुसरीत गोड्या पाण्यावरून वर हवेत जाणारा बाण काढलेला आहे, वर्षाला शंभर कोटी टनांचा. आपण सुरुवातीला ज्याच्याबद्दल बोललो तो बाण हाच.

पण बाण आला म्हणून सगळे जमले असे नाही. कुठे मोजायचे ते सुधारले, केव्हा मोजायचे ते राहिलेच. हे आकडे ज्या नमुन्यांवर उभे होते त्यातले फार मोठे प्रमाण युरोप-अमेरिकेतल्या नद्यांचे, जिथे नदी बाराही महिने थोडीफार सारखी वाहते. मान्सूनच्या नदीचे तसे नसते, हे गाझीपूरच्या पाद्रीबुवांनी १८३२ मध्ये सांगून ठेवले होते.

ते पुन्हा सिद्ध झाले गोदावरीवर. राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमला आर्थर कॉटनने १८५२ पर्यंत बांधून पूर्ण केलेला बंधारा आहे. त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात उगम पावून, नाशिक, पैठण, नांदेड करत गेलेले पाणी तिथे अडते आणि कालव्यांत वळते. कोरड्या महिन्यांत बंधाऱ्याखाली नदीचे पाणी जवळजवळ उतरतच नाही, मुखाशी भरती-ओहोटीचे राज्य असते. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या विशाखापट्टणम केंद्रातले व्ही. व्ही. एस. एस. सर्मा आणि त्यांचे सहकारी यांनी या मुखाच्या खाडीत वर्षभर मोजणी केली आणि २०११ मध्ये ती छापली. कोरड्या महिन्यांत पाण्यातला कार्बन डायऑक्साइडचा दाब साधारण तीनशे ते पाचशे मायक्रोॲटमॉस्फिअर. हवेत तेव्हा सुमारे ३९० होता, म्हणजे खाडी आणि हवा जवळपास बरोबरीत, कधी खाडी थोडी घेतेसुद्धा. मग पूर आला. पुराच्या शिखरावर हाच आकडा ३०,०००च्या पुढे गेला.

३०,०००! हवेच्या सत्तर-ऐंशी पट. वरच्या सगळ्या खोऱ्यातली कुजलेली माती, शेतांतला पाला, गावांचे सांडपाणी एका आठवड्यात खाली येते, त्यावर जीवाणू तुटून पडतात आणि पाणी अक्षरशः सोड्याची बाटली होते. आता कल्पना करा, कुणी सोयीचा महिना म्हणून जानेवारीत नाव घेऊन गेला असता. पाणी निवळ, हवा छान, नमुने उत्तम. आणि निष्कर्ष? गोदावरीचे मुख हवेला फारसे काही देत नाही. तो माणूस खोटे बोलला नसता, त्याचा प्रत्येक आकडा खरा असता. पुढच्याच वर्षी याच गटाने भारताच्या किनाऱ्यावरच्या २७ नदीमुखांची मोजणी छापली, आणि नमुने घेतले होते मुद्दाम जुलै-ऑगस्टमध्ये. भर पुरात छोट्या नावेतून बाटल्या भरणे म्हणजे काय, हे किनाऱ्यावरच्या लोकांना सांगायला नको.

नदी नुसती सोडते असेही नाही, गाडतेही. हिमालयातून येणाऱ्या गंगा-ब्रह्मपुत्रेचा गाळ इतका प्रचंड आणि इतक्या वेगाने बंगालच्या उपसागराच्या तळाशी जातो की त्याबरोबरचा सेंद्रिय कार्बन कुजायच्या आतच पुरला जातो. फ्रान्समधल्या वालिए गाली आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवले की तिथे पोचलेल्या सेंद्रिय कार्बनपैकी सत्तर ते शंभर टक्के टिकतो. ॲमेझॉनच्या मुखाशी बराच मोठा भाग कुजून परत जातो. एक नदी उधळी, दुसरी कंजूष. दोघी मोठ्या, दोघी उष्ण कटिबंधाच्या आसपासच्या, पण एका नदीचा गुणाकार करून दुसरीचा हिशेब लागत नाही.

शेवटी धरणे. धरण गाळ अडवते, आणि गाळाबरोबर कार्बनही. जेम्स सिव्हिट्स्की आणि सहकाऱ्यांच्या २००५च्या अंदाजानुसार आधीच्या पन्नासएक वर्षांत जगातल्या जलाशयांत शंभर अब्ज टनांहून अधिक गाळ अडकला आणि त्याच्याबरोबर एक ते तीन अब्ज टन कार्बन. कृष्णेचे उदाहरण तर ठळक आहे, तिच्या त्रिभुज प्रदेशाला मिळणारा गाळ धरणांनंतर अगदी थोडा उरला. पण याची दुसरी बाजूही आहे. जलाशयाच्या तळाशी प्राणवायू नसतो, तिथे कुजणाऱ्या द्रव्यातून मिथेन निघतो, आणि तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त उष्णता धरतो. वरून शहरांचे सांडपाणी येऊन पाणी हिरवे झाले की मिथेनचे खाद्य वाढते. २०१६च्या एका व्यापक अभ्यासात जगातल्या जलाशयांतून निघणारे वायू वर्षाला ८० कोटी टन कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचे धरले गेले (एकक बदलले आहे, हा नुसता कार्बन नाही) आणि त्यात मिथेनचा वाटा सुमारे चार पंचमांश. देशांनी आपले उत्सर्जन कसे मोजावे याच्या आयपीसीसीच्या मार्गदर्शिकेत २०१९च्या सुधारणेपासून जलाशयांचा मिथेन मोजण्याची पद्धत नीट दिलेली आहे. पुन्हा तेच, आधी माल गेला, मग वहीत रकाना आला.

वेळ होत आली. चिठ्ठ्या आल्या आहेत, त्यातल्या दोन-तीन एकाच विषयावर आहेत, म्हणून ती घेऊन थांबू. प्रश्न असा आहे की महाराष्ट्रात २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना चालू आहे, तलाव-धरणांतला गाळ काढून शेतात टाकतात, मग धरणाने गाडलेला कार्बन आपण पुन्हा उघडा करतो का?

करतो, काही प्रमाणात. तळाशी प्राणवायूविना दबून राहिलेले सेंद्रिय द्रव्य उन्हात-हवेत पसरले की त्यातला काही भाग कुजून उडणारच. पण काही भाग मातीच्या कणांना धरून राहील, माती ओल जास्त धरेल, पीक बरे येईल आणि ते पीक मुळांतून नवा कार्बन मातीत घालेल. मुरमाड, उथळ रानात टाकलेला गाळ आणि आधीच भारी काळ्या रानात टाकलेला गाळ यांचे गणित एक येणार नाही. शिवाय गाळ काढल्यावर तलावाच्या तळाशी मिथेनला मिळणारे खाद्यही तितके कमी होते. म्हणून ट्रॉल्या मोजून भागणार नाही. उन्हाळ्यात गाळ पसरायच्या आधी त्या शेतातल्या मातीचा एक नमुना घ्या, आणि पुढचे दोन-तीन पावसाळे गेल्यावर त्याच जागेचा, तेवढ्याच खोलीचा पुन्हा एक. माती परीक्षणाच्या अहवालात सेंद्रिय कर्ब म्हणून एक ओळ असते, तीच बघायची आहे.